सुनेनं बघितलंय

कॅमेऱ्याचं चित्र गेलं त्या दिवशी सुभाषशेठनी आधी माऊस भिंतीवर आपटला आणि मग सुनेकडे वळले.

"कायतरी दाबलंस तू. काय दाबलंस, बोल."

नमिताने काहीच दाबलं नव्हतं. सकाळी तिने रोजच्यासारखा संगणक लावला, पान उघडलं, पासवर्ड टाकला. जिथे तळ्याची चार चित्रं यायची तिथे करडा चौकोन आला. आत इंग्रजीत एक ओळ होती. प्लगइन बंद झालाय, यापुढे चालणार नाही, एवढा अर्थ तिला लागला.

सुभाषशेठचं घर पेणला रामवाडीत आणि मासळीची तळी खाडीकडच्या बांधावर. तळ्यात जिताडे वाढवले होते. बांधावरच्या झोपडीत मोतीराम आणि सोनी हे कातकरी जोडपं राखणीला राहायचं. त्यांच्यावर नजर ठेवायला शेठनी खांब रोवून कॅमेरे लावले होते, आणि कॅमेऱ्यांवर नजर ठेवायला नमिता होती. तिचा नवरा साहिल रोह्याला केमिकल कंपनीत. शिफ्ट लागली की तिकडेच मित्रांच्या खोलीवर राहायचा. घरात बारावीपर्यंत शिकलेली ही एकटीच, म्हणून लग्नानंतर महिन्याभरातच संगणकाची खुर्ची तिच्याकडे आली. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना तिचा एक डोळा पडद्यावर असायचा.

रोह्याहून ऋत्विक नावाचा कॅमेऱ्यांचं काम करणारा पोरगा आला. त्याने कॅमेऱ्यांच्या तारा जोडलेल्या खोक्याचं झाकण उघडलं, बंद केलं.

"हे फ्लॅश नावाच्या प्लगइनवर चालायचं, काका. ते जगभरात बंद केलं त्यांनी. आता कुठल्याच ब्राऊझरमध्ये दिसणार नाही. नवीन खोका घ्या."

"रेकॉर्डिंग तरी होतंय ना?"

"डिस्क तर वादळातच पाण्याने गेली. मागेच सांगितलं होतं तुम्हाला. थेट दिसत होतं तेवढंच दिसत होतं."

शेठनी त्याला हाकललंच. मग दार लावून घेतलं आणि पुतण्याला, निकेशला, वर बोलावलं. निकेश खालच्या मजल्यावर राहायचा, शेठचा उजवा हात होता.

"कॅमेरे बंद हायत ही गोष्ट या खोलीच्या बाहेर जायची नाय," शेठ म्हणाले. "खांबावरचे लाल दिवे चालू हायत. मोतीरामला वाटू दे आपण बघतोय. आणि तू," त्यांनी नमिताकडे बोट केलं, "तोंड उघडलंस तर याद राख."

तिला त्यांच्या हाताची ओळख होती. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला त्यांनी साहिलला, एवढ्या मोठ्या कमावत्या मुलाला, अंगणात पट्ट्याने मारलेलं तिने पाहिलं होतं. कारण आता तिला आठवतही नव्हतं. साहिल रडला नव्हता, दुसऱ्या दिवशी रोह्याला निघून गेला होता.

पौष पौर्णिमेचं उधाण आलं आणि उतरलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून मोतीरामचा फोन आला. मोठं तळं रिकामं झालं होतं. ओहोटीबरोबर पाणी उघाडीतून, म्हणजे तळ्यात पाणी घ्यायच्या-सोडायच्या लाकडी दारातून, खाडीत गेलं आणि पाण्याबरोबर मासळी. शेठ आणि निकेश चहा टाकून निघाले.

थोड्या वेळाने निकेश एकटाच परत आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हाताच्या पेरांवर रक्त.

"चल वयनी. काकानं बोलावलंय."

"मला कशाला?"

"बस गाडीवर. सांगतो."

खाडीच्या रस्त्याला लागल्यावर तो मान न वळवता बोलत राहिला. "मोतीरामनंच उघाडी उघडलीय. बाहेर जाळं लावून मासळी विकली असणार. कबूल होत नाय. गाव जमलाय. काकांनी सगळ्यांना सांगितलं, माझ्या सुनेनं कॅमेऱ्यात बघितलंय, तिनंच मला उठवलं. तुला फक्त व्हय म्हणायचंय."

"पण चित्र तर नाय दिसत."

"ते तुला ठाऊक आणि मला ठाऊक."

"निकेश भावजी, मी कायच बघितलं नाय."

"म्हणून तर सांगतोय काय म्हणायचं ते."

बांधावर माणसं उभी होती. काहींनी मास्क हनुवटीखाली ओढले होते, काहीजण मोबाइल वर धरून होते. तळ्यात पाण्याऐवजी काळा चिखल, आणि त्यात राहिलेले जिताडे शेपट्या आपटत होते. बगळे सरळ आत उतरले होते, त्यांना कोणी हाकलत नव्हतं.

मोतीरामला कॅमेऱ्याच्याच खांबाला बांधलं होतं. नायलॉनची दोरी छातीवरून, पोटावरून, मांड्यांवरून. एक डोळा सुजून बंद झाला होता. ओठ फाटून हनुवटीवरून रक्त सदऱ्यात उतरत होतं. त्याच्या डोक्यावर कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता.

दोन बायांनी सोनीला केसांना धरून खाली बसवलं होतं. नमिता दिसताच ती त्यांच्या हातांतून पुढे झेपावली.

"वयनी, आल्यास. सांगा यांना. तुमी बघत असतास ना रातदिस, मग सांगा. माझा माणूस झोपडीत व्हता. ताप व्हता त्याला. भायेर पन नाय आला. कॅमेऱ्यात दिसलं असंल तुमाला. सांगा."

नमिताला तिच्याकडे बघवेना. ती बाई मारणाऱ्यांकडे दया मागत नव्हती, साक्ष मागत होती, आणि ज्या पडद्याची साक्ष मागत होती तो संक्रांतीच्या आधीपासून करडा होता.

"हां, सांग गो," सुभाषशेठ म्हणाले. त्यांच्या हातात होडीचं वल्हं होतं. आवाज शांत होता. "कोणी उघाडी उघडली? सगळ्यांसमोर सांग."

ती गप्प राहिली. व्हय म्हणवेना, नाय म्हणायला जीभ उचलेना. सासऱ्याच्या हातातलं वल्हं तेवढं तिला दिसत होतं.

"लाजतेय ती," शेठ गावाकडे वळून म्हणाले. "एवढी माणसं बघून लाजतेय. घरी मला सांगितलंय तिनं."

"मग आणखी काय पायजे?" गर्दीतून कोणीतरी बोललं. "कॅमेऱ्यात दिसलं म्हणजे संपलं."

निकेश पुढे झाला. मोतीरामचा दोरीतून बाहेर आलेला उजवा हात त्याने पकडला, मनगट खांबाच्या लोखंडी पट्टीवर ठेवलं आणि शेठच्या हातातलं वल्हं घेऊन त्यावर हाणलं. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. मोतीराम पहिल्यांदा ओरडला. तोपर्यंत तो फक्त कण्हत होता.

"कुठं विकलीस?" दुसरा घाव कोपरावर बसला. "कोणाला विकलीस?"

"नाय विकली," मोतीराम म्हणत होता. "नाय विकली शेठ, माझ्या पोरांची शपथ, नाय विकली."

मोबाइल धरलेल्यांतल्या एकाने मोबाइल खाली केला. पण पुढे कोणी आलं नाही.

निकेशने तिसऱ्यांदा वल्हं उचललं तेव्हा नमिता बोलली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"चित्र दिसत नाय."

"काय?" कोणीतरी विचारलं.

"कॅमेरे बंद हायत. म्हणजे दिवा लागतो, पण घरी पडद्यावर कायच येत नाय. संक्रांतीच्या आधीपासून. ते जुनं सॉफ्टवेअर बंद झालं. रोह्याच्या पोराला विचारा, तो येऊन बघून गेलाय. मी कोणालाच बघितलं नाय. बाबा खोटं बोलतायत."

सुभाषशेठनी तिच्या कानाखाली मारली. ती बांधावरून घसरली आणि चिखलात गुडघ्यांवर पडली. उठायच्या आत त्यांची लाथ बरगडीत बसली. श्वास आत घ्यायला गेली तर आत काहीच गेलं नाही. माशासारखं तोंड उघडं राहिलं.

"माझ्या घरात खाऊन," ते म्हणत होते, आणि प्रत्येक शब्दाला एक लाथ, "माझ्याच, तोंडावर."

सोनीला धरलेल्या बाया बघत राहिल्या आणि त्यांचे हात सैल झाले. सोनी उठली ती झोपडीकडे धावली आणि कोयता घेऊन परत आली. ती कोणाच्या अंगावर गेली नाही. खांबाशी जाऊन ती मोतीरामच्या छातीवरची दोरी कापू लागली. निकेशने मागून तिचे केस धरले आणि मान मागे ओढली. सोनीने न बघता हात मागे फिरवला.

कोयता निकेशच्या खांद्यात शिरला. त्याने वल्हं टाकलं आणि आपल्याच खांद्याकडे बघत खाली बसला. रक्त बोटांमधून येत होतं, थांबत नव्हतं. गर्दी एकदम फुटली. पोरांना ओढत बाया पळाल्या, मोबाइलवाले पळाले.

शेठनी पडलेलं वल्हं उचललं आणि सोनीकडे निघाले. ती पुन्हा दोरीच कापत होती, तिची पाठ त्यांच्याकडे होती. नमिताने चिखलातूनच त्यांचे दोन्ही पाय धरले. त्यांनी पाय झटकले, सुटेनात. मग वल्हं खाली आलं, तिच्या खांद्यावर. गळ्याजवळचं हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं, दुखलं नंतर. तिने पाय सोडले नाहीत. दुसरा घाव पाठीवर बसला. तिसऱ्याच्या आत शेजारच्या तळ्याचा म्हातारा जगन आणि त्याच्याबरोबरचे दोघे-तिघे धावून आले आणि त्यांनी शेठना मागून कवेत घट्ट धरलं.

"मरेल ती सुभाष," जगन म्हणत होता. "सून हाय तुझी. सोड."

दोरी सुटली तसा मोतीराम सोनीच्या अंगावर कोसळला. त्याच्या वजनाने तीही खाली बसली. कोयता अजून तिच्या हातात होता आणि ती तो सोडायला तयार नव्हती. पोलीस येईपर्यंत तिने सोडला नाही.

पेणच्या सरकारी दवाखान्यात तिघांनाही एकाच टेम्पोतून नेलं. निकेश पुढे ड्रायव्हरशेजारी, मोतीराम आणि नमिता मागे ताडपत्रीवर. मोतीराम शुद्धीवर होता. तिच्याकडे बघून त्याने उघडा डोळा मिटून घेतला.

दुपारी पोलीस जबाब घ्यायला आले. सुभाषशेठनी आधीच तक्रार दिली होती, राखणदारणीने पुतण्यावर कोयता चालवला. नमिताने सगळं पहिल्यापासून सांगितलं. करडा चौकोन, ऋत्विक, दार लावून झालेलं बोलणं, निकेशच्या गाडीवरचं बोलणं. हवालदाराने दोनदा विचारलं, "सासऱ्याचं नाव लिहू?" तिने दोन्ही वेळा लिहा म्हटलं.

संध्याकाळी साहिल रोह्याहून आला. कंपनीचा गणवेश अंगावर तसाच. तिच्या पट्टी बांधलेल्या खांद्याकडे त्याने पाहिलं आणि स्टूल ओढून बसला.

"बाबांना नेलंय," तो म्हणाला. "जामीन बघायला लागेल."

"बघ."

"घरातली गोष्ट घरात बोलायची होतीस. मला फोन करायचास."

"तू काय केलं असतंस?"

"काय नाय," तो म्हणाला. "कायच केलं नसतं."

तो रडायला लागला तेव्हा नमिताला त्याचा रागही आला आणि कीवही. तिने चांगला हात पुढे केला नाही. दुखतंय म्हणून नाही, इच्छा झाली नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पोलीस पंचांना घेऊन उघाडीवर गेले. दार कोणी उचललंच नव्हतं, साखळी आणि कुलूप जागच्या जागी होतं. खालच्या फळ्या कुजल्या होत्या आणि उधाणाच्या रेट्याने आत मोडून पडल्या होत्या. भोकातून माणूस वाकून जाईल एवढी वाट झाली होती. चोर कोणीच नव्हता.

मोतीरामचा हात वाचला पण बोटं वळेनाशी झाली. बंद झालेला डोळा उघडला, पण त्याने धूसर दिसायचं. सोनी काही दिवस तुरुंगात राहिली. आदिवासींसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने तिला वकील दिला आणि ती सुटली. शेठ आणि निकेशवर ॲट्रॉसिटीचं कलम लागलं, त्यांना जामिनाला जास्त दिवस लागले. ते सुटून आले त्याच्या आधीच नमिता रोह्याजवळच्या खांब गावी माहेरी गेली होती. साहिल रविवारी रोह्याहून तिथे यायचा, ओट्यावर बसायचा. पुढे त्याने रोह्यात वेगळी खोली घेतली आणि तिला येतेस का विचारलं. तिने लगेच होकार दिला नाही. पावसाळा संपल्यावर गेली.

खटला अलिबागला उभा राहायला वर्षं गेली. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सोनी बाकावर बसली होती, शेजारी मोतीराम. नमिता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलावं ते तिने बसमध्ये पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"वयनी," सोनीच म्हणाली, "येक विचारू? त्याचा हात मोडायच्या आधी का नाय बोललास?"

"भ्याले."

सोनीने मान हलवली. समजलं म्हणून की पटलं नाही म्हणून, ते नमिताला कळलं नाही. मोतीराम डाव्या हाताने वडापावचा कागद सोडवत होता, तो सुटत नव्हता. सोनीने तो त्याच्याकडून घेतला आणि उघडून दिला.

आत शिपायाने नाव पुकारलं. नमिता आत गेली. सुभाषशेठ पुढच्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात बसले होते, त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिच्या मोडलेल्या हाडाच्या जागी कळ उठली. तिने कठड्याला धरलं आणि सांगायला सुरुवात केली. आधी चित्र कसं गेलं ते, मग बांधावरचं. गप्प राहिली होती तेही सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी.