तिसरं शून्य

घळीच्या बाराव्या खुणेपाशी पोचेपर्यंत वहिनीचे दोन्ही गुडघे बोलायला लागले होते. पहाटेपासून ती आणि तिची धाकटी नणंद चढत होत्या. खुणेपाशी थांबायचं, पाच मिनिटं कान देऊन ऐकायचं, ऐकू आलेले पक्षी तक्त्यात मांडायचे आणि पुन्हा चढायला लागायचं. बावीस वर्षं वहिनी वर्षातून एकदा हेच करत आली होती. आता मात्र जीव पार आंबून गेला होता.

नणंदेला आणलं होतं ते पिशवी उचलायला. बाई लाख मोलाची, पण जिभेला हाड नाही. म्हणून वहिनीनं घरीच दम भरला होता, "घड्याळ लावलं की तोंडाला कुलूप. मोजणी माझ्या नावावर आहे, माझ्याच कानांनी व्हायला हवी. तू मध्ये बोललीस की ती खूण बाद."

सगळं अडलं होतं ते या बाराव्या खुणेवर. समोरच्या कड्याच्या भेगांत अंगठ्याएवढा एक पक्षी राहायचा, दगडावर दगडाच्याच रंगाचा. आवाज इतका बारीक, की वहिनीनं त्याचं नावच 'सुई' ठेवलं होतं. चाळीस वर्षं शिवणकारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात गेलेली. तिला दुसरं काय सुचणार! सुई होती म्हणून घळ राखीव होती. पण गेली दोन वर्षं वहिनी एकटीच आली होती आणि दोन्ही वेळा इथे शून्य लिहून गेली होती. तिसरं शून्य पडलं की घळ राखीव जागांच्या यादीतून जाणार, आणि खाणवाले टपलेलेच होते.

तिनं घड्याळ लावून डोळे मिटले. वारा ऐकू आला, खालचं पाणी, एक कावळा. नणंदेनं ओठ असे मिटले होते, जणू तोंडात टाचण्या धरल्यात. पाच मिनिटं संपली. खोटं लिहिलं असतं तरी बघायला कोण येणार होतं? पण तो तिचा पिंड नव्हता. तिनं शून्य लिहिलं आणि तिला रडू आलं.

"संपलं? बोलू आता?" नणंदेनं श्वास सोडला. "बाई गं, केवढे किरकिरे ते पक्षी! दोन होते ना? पाच मिनिटं नुसता कान कुरतडला... अगं वहिनी, रडतेस काय?"

"कुठले पक्षी?"

"ते काय, त्या भेगेत. अजून ओरडतायत की!"

वहिनीनं नणंदेच्या बोटाच्या रोखानं दुर्बीण लावली. इवलीशी चोच उघडत होती, मिटत होती. वहिनीला ऐकू येत होता फक्त वारा.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालं होतं. घळ रिकामी झालीच नव्हती. दोन वर्षं ती ज्याच्यासाठी झुरली, तो तिच्यासमोर बसून ओरडत होता. आधी तिला हायसं वाटलं. मग इतकं एकटं वाटलं, की ती खडकावर बसूनच राहिली.

बऱ्याच वेळानं तिनं शून्यावर काट मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पक्षी आहेत. मोजणारीला बारीक आवाज ऐकू येत नाही. मागची दोन शून्यंही धरू नयेत. पुढच्या वर्षी दुसरं माणूस पाठवावं.' खाली सही केली, नेहमीपेक्षा सावकाश.

"कसा ओरडतो गं? करून दाखव."

"मी? मोठ्यानं?"

"हो."

नणंदेनं ओठ आवळून शीळ घातली, जाडीभरडी आणि बेसूर. ती वहिनीला ऐकू आली.

"असा नाही ओरडत तो," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "पण तू थांबू नकोस."