कुठला परवा?

निबंधस्पर्धेचा विषय मी निवडला असं जे लोक सांगतात, ते खरं नाही. मी फक्त मुदत मागितली होती.

तंजावरकडच्या मेलकावेरी गावात आम्हा मराठी मंडळींची एक सभा होती. वर्षातून एकदा हुशार मुलांकडून तासाभरात एक पान निबंध लिहून घ्यायचा, एवढंच तिचं काम. उरलेलं वर्ष त्या पानाच्या चर्चेत आणि विड्याच्या पानांत जाई. मी सभेचा चिटणीस, आणि पोटासाठी शाळेत मास्तर. नाव एकोजी. नाव तंजावरच्या पहिल्या मराठी राजाचं असल्यामुळे लोक हाक मारायला आदराने सुरुवात करत, आणि मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणत.

अध्यक्ष पांडुरंगराव. त्यांच्या घराण्याने तंजावरच्या दरबारात पिढ्यान्‌पिढ्या काहीतरी हातात धरलं होतं. चवरी की छत्री, याबद्दल घरात दोन पक्ष होते. इंग्रजांनी दरबार मिटवला तेव्हापासून हात मोकळे. डावा कान पूर्ण बंद.

त्या वर्षी विलायतेच्या राणीसाहेबांच्या राज्याला साठ वर्षं झालेली. स्पर्धेत पहिला येणारा निबंध गावातल्या उत्सवात वाचायचा होता.

"गेल्या वर्षी 'गाय' झाली. त्याआधी 'गाय' झाली," पांडुरंगराव बैठकीत म्हणाले. "यंदा काहीतरी खोल पाहिजे. एकोजी, विषय काय?"

मी विचारच केला नव्हता. म्हटलं, "परवा सांगतो."

नेमकी तेव्हाच त्यांनी मान वळवली आणि 'सांगतो' डाव्या कानावर पडलं. उजव्या कानाला जे मिळालं ते त्यांनी फळ्यावर लिहिलं: परवा. मग दोन पावलं मागे सरून डोळे बारीक केले.

"वा! एवढासा शब्द, पण केवढा खोल!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकदा डोललेली मान परत घ्यायची पद्धत आमच्यात नाही.

मंगळवारी स्पर्धा झाली. सात मुलं, सात पानं. परीक्षक शंकरनारायण अय्यर, आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर. त्यांना मराठी अजिबात येत नसे, म्हणून ते निःपक्षपाती. अक्षर बघून गुण देत. आमचं बोलणं अर्थात तमिळमध्ये चाले.

"ओय् एकोजी, 'परवा' म्हणजे काय? मुंदानाळ? होऊन गेलेला दिवस?"

"हो."

"की नाळान्निक्कि? यायचा असलेला?"

"तोही."

अय्यरांनी चष्मा काढला. "दोन्ही दिवसांना एकच शब्द? मग तुम्ही लोक लग्नाला पोचता कसे?"

"पुष्कळसे नाही पोचत."

सहा मुलांनी मागच्या रविवारबद्दल लिहिलं होतं. सहाही मुलं इन्नंबूरला जेवायला गेली होती आणि सहांनाही तिसऱ्यांदा वाढलं नव्हतं. सातवं पान गोदाचं. ही पांडुरंगरावांची नात, वय अकरा, हिला हसताना कुणी पाहिलेलं नाही. अक्षर असं, की अय्यरांनी पान हातात घेताच पहिला नंबर देऊन टाकला. मग मी वाचायला घेतलं.

'परवा गुरुवार होता. परवा एकोजी मास्तर गेले. सभेच्या पायरीवर त्यांच्या डाव्या वहाणेचा अंगठा तुटला. हार झेंडूचे नव्हते, शेवंतीचे होते. आजोबांना डाव्या कानाने ऐकू आलं. मग सगळ्यांनी आंघोळी केल्या आणि जेवायला बसले.'

खिडकीबाहेर अजून मंगळवारच होता. मी खात्री करून घेतली.

गोदाला अंगणात गाठलं. "गोदे, परवा रविवार होता. गुरुवार नव्हे."

"कुठला परवा ते फळ्यावर नव्हतं, मास्तर."

"बरं. मी गेलो, म्हणजे कुठे गेलो?"

तिने जरा विचार केला. "हार होते."

"हारांचं राहू दे! गावाला गेलो, की... गेलो?"

"एकच पान लिहायचं होतं," ती म्हणाली. "पान संपलं."

माझं वय तेव्हा बावीस. जायची घाई कुठल्याच अर्थाने नव्हती.

बुधवारी, रिवाजाप्रमाणे, पहिला आलेला निबंध सभेत मोठ्याने वाचला गेला. कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक जण म्हणाला, "माणूस चांगला होता." मी त्याच्या समोरच बसलो होतो.

रात्रभर विचार करून एक तोड काढली. निबंधात नुसतं 'गेले' होतं. कुठे, ते मीच पुरवलं तर? गुरुवारी सकाळच्या आगगाडीने मायावरमला जायचं, 'गेले' खर्चून टाकायचं, आणि दोन दिवसांनी परत यायचं.

वहाणेची भानगड नको म्हणून अनवाणीच निघालो. पांडुरंगरावांनी सभेच्या पायरीवर अडवलं. "आमचा चिटणीस आणि अनवाणी? लोक काय म्हणतील?" त्यांनी स्वतःच्या वहाणा काढून माझ्या पायांत घातल्या. डावीचा अंगठा तिथेच तुटला.

स्टेशनावर अख्खी सभा आली होती. हातांत शेवंतीचे हार. बाजारात झेंडू नव्हता म्हणे. आपल्याला कशासाठी आणलंय हे हाराला कळत नाही. तो दोन्हीकडे तसाच दिसतो.

मी प्रत्येकाला "येतो" म्हणालो. एकानेही "या" म्हटलं नाही. एकटे अय्यर तेवढे तमिळमध्ये म्हणाले, "जाऊन या."

पांडुरंगराव डावा कान चोळत होते. "शिटी झाली."

"अहो, गाडीच आली नाही अजून."

"झाली," ते म्हणाले. "गेली." सगळे वळले आणि आंघोळीचं बोलत घराकडे चालू लागले. मी हार गळ्यात घालून रिकाम्या फलाटावर उभा. गाडी त्यानंतर आली.

मायावरमला उतरलो. आपण जिवंत आहोत का हे पाहायला चार इडल्या खाल्ल्या. गेल्या. आणखी चार मागवल्या.

शनिवारी परतलो तो थेट सभेत. "पांडुरंगराव!" त्यांच्या उजव्या कानाशी ओरडलो. त्यांनी डावा चोळला. माझ्या जागेवर पानाचा डबा होता. मी तिथेच बसलो, तर एकाने माझ्या मांडीतून आरपार हात घालून सुपारी उचलली.

"ओय् एकोजी, आलात?" दारातून अय्यर म्हणाले. त्यांना मराठी येत नसल्यामुळे मी गेलो हे त्यांना कळलंच नव्हतं.

निबंधाने घालवलं, तर निबंधच परत आणेल. योगायोगाने संधीही होती. गोदाचा निबंध राणीसाहेबांच्या उत्सवात वाचायला जरा सुतकी पडला असता, म्हणून दुसरी स्पर्धा ठरत होती. मी अय्यरांना म्हटलं, "अध्यक्षांना विषय सुचवा. 'परत'. उजव्या कानात सांगा."

अय्यरांनी सांगितला. कान बरोबर होता. जीभ तमिळ होती.

"परात!" पांडुरंगराव म्हणाले. "वा! केवढी खोल!"

परात उथळ असते. सभेने माना डोलावल्या.

मंगळवारी मी गोदाच्या पाठीशी उभा राहिलो. ती लिहीत होती: परात पितळेची असते. परात चिंचेने घासावी. अर्धं पान नुसती घासाघास. पाऊण पान झालं, कणीक आली. मी उरलेल्या ओळी मोजू लागलो. शेवटच्या दोन ओळी उरल्या तेव्हा तिने टाक दौतीत बुडवला.

'परवा एकोजी मास्तर परत आले. आजीने त्यांचे पाय परातीत धुतले.'

"गोदे!" मी ओरडलो. "कुठला परवा?"

ती शाईवर फुंकर घालत होती. मान वर न करता म्हणाली, "पान संपलं."

यायचा परवा असेल, तर गुरुवारी मी परत येणार. गेलेला असेल, तर रविवारीच कुणीतरी परत आलेलं आहे, आणि ते मी नव्हे. मी घाईने पाय पाहिले. कोरडे, धुळीने भरलेले. अजून धुतलेले नव्हते. जिवात जीव आला.

इतक्यात आतल्या खोलीतून पांडुरंगरावांचा आवाज आला. "एकोजी, पाय पुसा हो आधी! ओली पावलं उमटतायत."

आणि हुबेहूब माझ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "परवा पुसतो."