जबाबदार व्यक्तीचे उत्तर

तिमाहीचा शेवटचा आठवडा होता आणि तिच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. नगरपरिषदेच्या ‘विचारपूस’ योजनेत तिच्या वाट्याला एकशे चाळीस घरं आली होती. दर तीन महिन्यांनी प्रत्येक दार ठोठावायचं आणि घरातल्या साठीपुढच्या माणसाबद्दल बारा प्रश्न विचारायचे. झोप लागते का, ऐकू येतं का, दिसतं का, मन रमतं का. उत्तरांची बेरीज होऊन परिषदेच्या भिंतीवरच्या तक्त्यात प्रभागाला रंग मिळे: हिरवा, पिवळा किंवा लाल. तिचा प्रभाग वर्षभर हिरवागार होता. लोक तिला विचारपूसबाई म्हणत.

ही विचारपूस कुणाकडे व्हायची, तेही सांगायला हवं. कागदाच्या तळाशी एक ओळ छापलेली होती: ‘घरातील जबाबदार व्यक्तीचे उत्तर ग्राह्य धरावे.’ जबाबदार व्यक्ती म्हणजे मुलगा, सून, पुतण्या. दार उघडेल तो. म्हातारी माणसं, त्यातही नवरा गेलेल्या बायका, आतल्या खोलीत असत आणि त्यांचं मन रमतं की नाही ते उंबऱ्यावरच ठरून जाई. हे कुणालाच खटकत नव्हतं, तिलाही नाही, याचीच खरी चीड येते.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने मशीनवरून मान वर न काढता उत्तरं दिली.

“आत्या ना? एकदम ठणठणीत. दिसतंय, ऐकू येतंय, सगळं ठीक लिहा. मागच्या वेळचंच उतरवा ना ताई, कशाला दोघांचा वेळ घालवता?”

तेवढ्यात आत्या बाहेर आली. वर्षभरात पहिल्यांदाच. भिंतीला हात लावत ती तांब्यापाशी गेली, पेल्याच्या काठावरून एक बोट आत सोडलं आणि पाणी बोटाला लागेपर्यंत ओतत राहिली.

“आजी, पाण्यात बोट?” विचारपूसबाई सवयीने म्हणाली.

“धुतलेलं आहे गं. दिसत नाही ना, मग बोटालाच विचारावं लागतं कुठवर भरलं ते.”

शिंप्याची मशीन थांबली. “वयाचं आहे ते, ताई. घरात वावरते की झकास.”

तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिला दुसरंच बोट दिसत होतं, तिच्या सासूबाईंचं. चार महिने ती त्यांना त्या बोटावरून टोकत होती. “आई, पेल्यात बोट बुडवू नका. मी गावाला स्वच्छता शिकवते आणि माझ्याच घरात हे!” सासूबाई ओशाळून बोट पुसत. आणि स्वतःच्या घराचा कागद, ब्याण्णव नंबरचा, ती दर तिमाहीला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरायची. आपल्याच घरात काय विचारायचं?

ती उरलेली घरं टाकून घरी आली. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या.

“आई, मी आज कुठल्या रंगाचं नेसलेय?”

“परीक्षा घेतेस होय?” सासूबाई हसल्या. मग म्हणाल्या, “नाही गं सांगता येत.”

“कधीपासून?”

“झालं की वर्ष. हळूहळूच गेलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू दर खेपेला माझा कागद लिहीत होतीस. म्हटलं, लिहिणारीच घरात आहे, तिला ठाऊक असणार. इलाज असता तर बोलली असतीस.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतला दाब वाढून डावा डोळा गेला. उजव्यात थोडं उरलंय, ते औषधाने टिकेल. “वर्षापूर्वी आणायला हवं होतं,” एवढंच ते म्हणाले. “मला वाटलं, तू बघतेयस,” परतताना नवरा म्हणाला. तिलाही वाटलं होतं, तो बघत असेल.

आढावा बैठकीत आरोग्य विभागाच्या साहेबांनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. “करा सही. सलग पाचवा हिरवा.”

“सही होणार नाही, साहेब. एकशे चाळीसपैकी सत्त्याण्णव माणसांना मी कधी विचारलेलंच नाही. त्यांच्यापुढे ‘विचारले नाही’ असं लिहा.”

“असा रकाना नाही.”

“मग पाडा.”

“ताई, प्रभाग तळाला जाईल. तुमची नेमणूक याच महिन्यात नवी व्हायचीय. कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेता?”

“त्यात ब्याण्णव नंबरचा कागद आहे. दृष्टी उत्तम, मन रमते. खाली जबाबदार व्यक्तीची सही आहे. ती माझी आहे, साहेब. त्या माझ्या सासूबाई आहेत आणि त्यांचा एक डोळा गेलाय.”

साहेब वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. त्याने चष्मा काढून पुसला आणि उगाच पुन्हा पुसला. “लाल दाखवतो,” तो म्हणाला. “पुढचं वरचे बघतील.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रभाग लाल झाला. कागदाच्या तळाशी छापलेल्या त्या ओळीचं काय करायचं, यावर एक समिती नेमली गेली आणि ती अजून बसायची आहे.

नेमणुकीचा कागद हाती नसतानाच विचारपूसबाईने ती सत्त्याण्णव घरं पुन्हा धरली. सुरुवात ब्याण्णवपासून. तिने स्वतःच्याच दाराची घंटी वाजवली. नवऱ्याने दार उघडलं, हातातला कागद पाहिला आणि सवयीने म्हणाला, “आई ठीक आहे.”

“तुम्हाला नाही विचारलं.”

ती आत गेली, खिडकीशी खुर्ची ओढून सासूबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. “आई, पहिला प्रश्न. झोप लागते का?”

“खरं सांगू?”

“हो.”

“मग त्या कागदावर तेवढी जागा आहे का, ते बघ आधी.”

प्रत्येक प्रश्नापुढे एकच चौकट होती, नखाएवढी. तिने कागद उलटा केला. मागची बाजू पूर्ण कोरी होती.

“आहे,” ती म्हणाली. “बोला.”