पाचशेच्या खुणेची बरणी

मी एक काचेची बरणी आहे. माझ्यात लोणचं नसतं, लघवी असते. ओळख होतानाच सांगून टाकलेलं बरं. नंतर कळलं की लोक हात धुवायला पळतात.

माझी सुरुवात अशी नव्हती. दाभोळच्या एका दुकानात मी लिमलेटच्या गोळ्या सांभाळायचे. शाळा सुटली की पोरं माझ्याकडे टक लावून बघत, आणि मला वाटे, मीच सुंदर आहे! एक दिवस झाकण फुटलं आणि माझं सौंदर्य संपलं. दुकानदाराची बहीण मथुरा रत्नागिरीच्या एका दवाखान्यात सिस्टर होती. तिथलं लघवी मोजायचं भांडं फुटलेलं. तिने मला नेलं, पोटावर चिकटपट्टी लावली आणि पाणी मोजून ओतत शाईने खुणा केल्या. शंभर, दोनशे, पाचशे, हजार मिलिलिटर. तेवढ्यावर मी स्वतःला शिकलेली समजू लागले.

चौऱ्याऐंशीच्या मार्चात काशीरामला आणलं. जांभ्याच्या चिरेखाणीतला गडी. चिऱ्यांनी भरलेला ट्रक वळणावर कलंडला आणि वर बसलेला काशीराम दोन तास चिऱ्यांखाली अडकून पडला. दोन्ही पाय चेचले, बरगड्या मोडल्या, खांदा निखळला. जो तो त्याचे पाय बघत होता. खाटेखालच्या बरणीकडे कोण बघतो?

पण तिसऱ्या दिवशी डॉक्टर थेट माझ्यापुढे उकिडवे बसले. मी मनातून फुगले. आत होती जेमतेम दीडशे, कोकम भिजवलेल्या पाण्यासारखी काळपट लाल.

"चेचलेल्या मांसातलं विष रक्तात उतरलंय," ते सिस्टरला म्हणाले. "मूत्रपिंडं बंद पडताहेत. उद्यापर्यंत पाचशेच्या वर गेली तर इथेच निभावेल. नाहीतर मुंबई. रक्त धुवायची सोय आपल्याकडे नाही."

काशीरामने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आयला, इतकी वर्सं दगड फोडले ते कोनी मोजले नाय. आता मुतलेलं मोजतायत."

त्याची बायको सगुणा मात्र हसली नाही. तिने सिस्टरचा पदर धरला. "मुंबई नको ओ बाय. माज्या भावाला नेलानी मुंबईला, परत आली ती तार."

"अगं, मी काय करू? बरणी सांगेल तसं," मथुरा सिस्टर म्हणाली.

बरणी सांगेल तसं! माझ्या सात पिढ्यांत एवढा मान कुणाला मिळाला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यात होती फक्त ऐंशी. काशीराम गुंगीत होता, तोंड सुजलेलं. सगुणाने इकडेतिकडे पाहिलं, मला पदराआड घेतलं आणि कोपऱ्यातल्या माठाशी नेलं. तांब्याने बेताबेताने पाणी ओतलं. शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पाचशेचा आकडा तिला वाचता येत होता. थोडं वरच भरलं. मला पुन्हा खाटेखाली ठेवताना ती पुटपुटली, "बरनीबाय, सांभाळ."

मी ओरडायला हवं होतं. पण मला तोंड आहे तेवढंच, आवाज नाही. आणि खरं सांगते, भरल्यावर जरा बरंही वाटत होतं.

"डॉक्टर, साडेपाचशे!" मथुरा सिस्टर आनंदाने ओरडली. डॉक्टर लांबूनच हसले. "शाब्बास! मुंबईला न्यायला बोलावलेली गाडी परत पाठवा. मुंबई रद्द."

सगुणाने देवाला हात जोडले. मी पोटात खोटं घेऊन ऐटीत उभी.

"कधी झाली गं एवढी?" सिस्टरने मला उचलता उचलता विचारलं.

"आत्ताच. आत्ताच जाली."

सिस्टरचे हात थांबले. तिने मला गालाजवळ नेलं. होय, गालाजवळ! पुन्हा कधी कुणी नेलं नाही.

"सगुणा, आत्ताची लघवी माठासारखी गार कशी?"

सगुणाने माठाकडे बघितलं. "तुमी रोज कमी, कमी म्हनता... मला वाटलं, भरून दिली तर ठेवशाल त्यांना हितं."

"अगं वेडे, बरणी भरायची नव्हती. माणूस राखायचा होता." एवढं म्हणून सिस्टर धावत सुटली. गाडी फाटकाबाहेर पडत होती, ती तिने हातवारे करून थांबवली.

काशीरामला चढवलं. सगुणाने मला लुगड्यात गुंडाळून पोटाशी धरलं. दवाखान्याची वस्तू पळवली म्हणा ना. घाटातल्या प्रत्येक वळणावर तिच्या बांगड्या माझ्यावर आपटत होत्या.

मुंबईला त्याच्या पोटात नळी घालून विष धुऊन काढलं. अकरा दिवस माझा तळसुद्धा ओला होईना. तिथल्या खुणा छापलेल्या बरण्या माझ्या चिकटपट्टीला हसत असणार. सगुणा रोज मला उन्हाकडे धरून बघायची आणि जसं असेल तसंच सांगायची, "आज काय नाय, बाय." एक थेंब वाढवला नाही तिने.

बाराव्या दिवशी शंभर. मग तीनशे. मग दोन-दोन लिटर! मी गळ्यापर्यंत भरून जमिनीवर सांडले. सगुणाने त्या सांडलेल्यातच बसून माझ्या गळ्याला हळदकुंकू लावलं. आयाबाई म्हणाली, "अगं, कशाची पूजा करतेस?" मीही शरमले, पण कुंकू काही पुसू दिलं नाही.

सगुणाने मला परत आणून दिलं. आता नळी लावून खुणांच्या प्लास्टिकच्या पिशव्या टांगतात. मी सिस्टरच्या खिडकीत बसून असते. कधीमधी तपासणीपुरती मला खाली काढतात. माझं एकच मागणं आहे. मला रिकामी ठेवलंत तरी चालेल, पण माझी अब्रू राखायला पाणी घालू नका.

काशीराम दर सहा महिन्यांनी लंगडत येतो. पडद्यामागून कुरकुरतो, "अजून मोजतायत!" मग सगुणा मला दोन्ही हातांनी उचलून मथुरा सिस्टरपुढे धरते, डॉक्टरांनी मागायच्या आधीच.

"हात लावून बघा, बाय," ती म्हणते. "गरम हाय."