माळकरी आणि बोंबील

नागोरावांची सून कादंबऱ्या लिहिते, हे बेटेगावातल्या त्यांच्या इमारतीत कुणाला खरं वाटत नसे. वाटणार कसं? प्रियदर्शिनी लिहिताना कधी कुणाला दिसतच नसे. दिसे ती गच्चीवर रंगाच्या डब्यांतल्या मिरच्यांना पाणी घालताना, तळमजल्यावरच्या बिहारी बाईकडून छठची गाणी शिकताना, नाहीतर कुणाचं बिघडलेलं शिलाई मशीन उलटं पाडून त्याच्या पोटात डोकावताना. मध्येच तिला काहीतरी सुचे. मग गॅसच्या पावतीवर, पिठाच्या पिशवीवर, हाताला येईल त्यावर दोन ओळी खरडून ती पुन्हा मशीनकडे वळे.

नागोराव मूळचे परभणीकडचे. उभा जन्म बोईसरच्या कापड कारखान्यात गेला, शेवटी शेवटी मुकादम झाले. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे भजन. सुनेच्या छापून आलेल्या दोन्ही कादंबऱ्या त्यांनी चोरून दोनदोनदा वाचल्या होत्या आणि दोन्ही वेळा डोळे पुसले होते. पण सुनेला हे सांगायचं म्हणजे जीभ जड व्हायची. तिला ऐकू येई ते एकच, "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

तिसरी कादंबरी एका कोळीणबाईवर होती. सगळी लिहून झालेली, फक्त शेवटचं प्रकरण बाकी. प्रकाशकाचा फोन आला, महिनाअखेर दिलीत तर छापतो, नाहीतर आमचा नाद सोडा. आधीच दोनदा मुदत टळून गेली होती. आणि सूनबाई काय करत होत्या? चिकूचं लोणचं घालता येईल का, याचा शोध लावत होत्या. वर जेवताना सासऱ्यांना म्हणाल्या, "मामा, आणखी दोन कादंबऱ्या सुचल्यात."

नागोरावांच्या हातातला घास हातातच राहिला. मुलगा ज्ञानेश पाळीवरून आल्यावर त्याच्याशी बोलून पाहिलं, तर तो म्हणाला, "बाबा, तिचं तिला कळतं." मग मुकादमानं कारभार स्वतःच्या हाती घेतला. शिलाई मशीन मालकिणीकडे परत गेलं. बिहारी बाईला जिन्यातच "अभी काम में है" असं सांगून वाटेला लावलं. मिरच्यांना पाणी ते स्वतः घालू लागले.

राहिली जमनाबाई. घिवलीची ही कोळीण दर बुधवारी मासळीची टोपली घेऊन यायची आणि दारात फतकल मारून तासभर बोलायची. सुना, जावई, बोटी, देव, कुणालाही सोडायची नाही. हल्ली तर तिनं प्रियदर्शिनीला गच्चीवर बोंबील वाळवायला शिकवलं होतं. तो वास जिन्यानं उतरून थेट नागोरावांच्या देव्हाऱ्यापर्यंत यायचा. खरं सांगायचं तर, बुधवारी ते खाली फाटकात जाऊन उभे राहिले त्यात कादंबरीची काळजी थोडी आणि वासाचा राग जास्त होता.

"तिला लिहायचंय," ते म्हणाले. "लिहून होईस्तोवर येऊ नका."

जमनाबाईनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं, टोपली सावरली आणि मुकाट निघून गेली.

घर शांत झालं. प्रियदर्शिनी टेबलाशी बसू लागली. नागोराव चहा नेऊन देत, दाराशी खोकत नसत, टीव्हीचा आवाज तर बंदच. पण कागद कोरा तो कोराच. पुढचा बुधवार आला, तशी ती दहादा गॅलरीत जाऊन आली.

"मामा, जमनाबाई आल्या नाहीत?"

"आली नसंल. मला काय ठावं?" माळ घातलेल्या माणसानं धडधडीत खोटं सांगितलं.

ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. "माझी कादंबरीतली बाई बोलेनाशी झालीय, मामा. शेवटी काय होतं ते मला पक्कं माहीत आहे. पण ती ते कसं बोलेल हे ऐकूच येत नाही. जमनाबाई इथं बसून बोलायच्या ना, तेव्हा मी भाजी निवडत असले तरी आत माझी बाई बोलत असायची. हे प्रकरण नाही व्हायचं आता."

नागोरावांना आपली चूक उमगली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. ज्याला ते चिंध्या म्हणत आले होते, त्यातूनच ही पोर वस्त्र विणत होती, आणि कापड कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला ते दिसू नये! त्यांना स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून ते निघाले आणि रिक्षात बसून घिवलीला गेले.

जमनाबाईचं अंगण ताज्या बोंबलांनी भरलं होतं. बांबूंना आडव्या दोऱ्या बांधलेल्या आणि घरातलं लहानथोर कामाला जुंपलेलं. नागोराव उंबऱ्याबाहेर घुटमळले. "जमनाबाई, जरा बोलायचं होतं."

"आधी हात लावा, मंग बोलू," ती मान वर न करता म्हणाली. "ऊन थांबत नाय. आमच्यात मासळी आली का व्याही आला तरी त्याला बसवत नाय."

नागोरावांचा हात माळेकडे गेला. तिनं ते पाहिलं. "खावाला नाय सांगत, टांगाला सांगते."

पांडुरंगाचं नाव घेऊन त्यांनी दोन बोंबील उचलले. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. पहिली जोडी सुटून पायावर पडली. दुसरीही पडली, आणि पोरंटोरं खिदळली. मग मात्र तुटलेलं सूत सांधत आलेल्या बोटांना खुबी सापडली आणि जोड्या टिकू लागल्या.

एक दोरी भरली तेव्हा ते म्हणाले, "मी चुकलो, बाई. दारातून तुम्हाला परत लावलं. राग धरू नका."

"राग?" जमनाबाई चकित झाली. "कसला राग? तुमीच बोललात, लिवून झाल्याबिगर येऊ नका. मी तर वाट बघतेय, कवा सांगावा येतो. झाला का लिवून?"

"नाही झालं."

"का?"

"तुम्ही येत नाही म्हणून."

जमनाबाईनं ओल्या हातानं कपाळ बडवून घेतलं आणि अशी हसली की शेजारच्या अंगणातल्या बायका डोकावल्या.

नागोराव घरी परतले. दार उघडताच प्रियदर्शिनीनं नाक वर केलं. "मामा, हा वास तुमच्या अंगाला?"

त्यांनी सगळं सांगून टाकलं, फाटकातलं आणि अंगणातलंही. ऐकताना तिचा चेहरा लाल झाला. "तुम्ही त्यांना परत पाठवलंत? माझ्या दारातून?" ती म्हणाली आणि तरातरा टेबलाशी जाऊन बसली. नागोराव मान खाली घालून उभे राहिले. मग तीच म्हणाली, "पण पहिली जोडी का पडली? जबडा खालून घातला होतात की वरून?" आणि उत्तर ऐकता ऐकता पेन शोधू लागली.

बुधवारी जमनाबाई आली. तिला चटई नागोरावांनीच घातली. ती बोलत राहिली, प्रियदर्शिनी वाल सोलत राहिली, आणि त्याच आठवड्यात शेवटचं प्रकरण प्रकाशकाकडे रवाना झालं.

त्या संध्याकाळी गच्चीवर मिरच्या तोडताना ती म्हणाली, "मामा, त्या दोन कादंबऱ्या राहू देत. आता एक म्हातारा सुचलाय. माळकरी आहे आणि बोंबील वाळत घालतो."

"मला घालतीस व्हय त्यात?" नागोराव गुरगुरले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सून असती का त्याला?"

"असते. पण त्याला तिच्याबद्दल काय वाटतं, ते काही कळत नाही मला."

नागोरावांनी आणखी एक मिरची तोडली. घसा खाकरून म्हणाले, "लिही. म्हाताऱ्याला सुनेचा लई अभिमान होता. तिचं समदं त्यानं दोनदोनदा वाचलं होतं. पण मेल्याला कधी बोलताच आलं नाही."

प्रियदर्शिनीनं पहिल्यांदाच काही लिहून घेतलं नाही.