रेकॉर्डवर नसलेलं गाणं

गायक आर्व्हिल स्लोन स्टेजवर नुसते ओठ हलवतो, गातं दुसरंच कायतरी, हे पहिल्यांदा तोंडावर आणलं व्हर्डीने. ऑर्फाच्या मनात ती शंका आधीच येऊन उंबऱ्याशी उभी होती; तिने फक्त तिला आत बोलावलं नव्हतं.

"टेप लावतात गं," व्हर्डी म्हणाली. दोघी शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचे पाव कापत होत्या. "पडद्याआड कुणीतरी बटण दाबतं आणि हा पुढे उभा राहून तोंड उघडतो, मिटतो. तळ्यातल्या माशासारखा."

"जीभ आवर. चर्चमधली बाई आहेस तू."

"म्हणून तर खरं बोलते. जत्रेत ऐकलंस ना त्याला? प्रत्येक ओळ मागे. बँड निघालाय पुढे आणि हा आपला बस चुकलेल्या माणसासारखा उभा. मग धावत येऊन गाठतो."

ऑर्फानेही तेच ऐकलं होतं. आर्व्हिलची गाणी तिने भांडी घासताना ऐकली होती, गाडी हाकताना ऐकली होती, नवऱ्याच्या आजारपणात त्याच्या उशाशी बसून ऐकली होती. 'आईच्या अंगणातली विहीर' म्हणताना तो 'विहीर' शब्दाच्या आधी एक बारीकसा श्वास घेतो. रेकॉर्डवर घेतो, रेडिओवर घेतो, नदीकाठच्या उघड्या मांडवात घ्यायचा. ट्रेस फोर्क गावातल्या निम्म्या बायका तो श्वास त्याच्याबरोबर घेतात, त्यांना ते ठाऊकही नसतं. जत्रेत तो श्वास जागेवर नव्हता. शिवाय त्याच्या डाव्या कानात काळ्या मण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते दिसू नये म्हणून हॅट पार भुवईपर्यंत ओढलेली.

आणि ते टेबल. कार्यक्रम संपला की आर्व्हिल दाराजवळच्या टेबलाशी बसायचा तो शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत. फोटोवर सही करायचा, हात हातात घ्यायचा, आणि विचारायचा, "काय गं ऑर्फा पोरी, बहिणीचा गुडघा कसा आहे?" ओहायोतल्या कारखान्यात गेलेल्या मुलाचं नाव त्याला माहीत, म्हातारीच्या गायीचं नावसुद्धा माहीत. आता टेबल असतं, त्याच्यावर फोटोही असतात, पण आर्व्हिल नसतो. टाळ्या संपायच्या आत त्याची मुलगी जिनीवा त्याचं कोपर धरते आणि त्याला थेट त्यांच्या दौऱ्याच्या बसमध्ये नेऊन बसवते. फोन केला तर तीच उचलते. "बाबा झोपलेत." केव्हाही करा, बाबा झोपलेले.

"दुभती गाय केलीये बापाची," व्हर्डीने पावाचा चुरा हातावर गोळा करून तोंडात टाकला. "बोलणार आहेस का आज?"

"बोलेन. आधी खात्री करीन."

ऑर्फा कॉर्नेट आर्व्हिलच्या चाहत्यांचं मंडळ चालवायची. दर ऑक्टोबरात, पानं लाल झाली की, बंद पडलेल्या शाळेच्या या हॉलमध्ये तो यायचा आणि त्याची माणसं गोळा व्हायची. कोळशाच्या खाणी मिटल्यावर मिशिगनला, ओहायोला गेलेली माणसं नातवंडांना घेऊन रात्रभर गाडी हाकत यायची. परमुलखात, भाड्याच्या खोल्यांत, याच आवाजाने त्यांना डोंगर दाखवला होता. संध्याकाळी सगळं आटोपलं की ऑर्फा माईकपाशी जायची आणि पुढच्या वर्षीची तारीख सांगायची. या वेळी तिने मनाशी ठरवलं होतं: टेप निघाली, तर तारखेऐवजी तेच सांगायचं, सगळ्यांसमोर, आणि मंडळ बंद. देवाच्या दारात खोटा सूर चालत नाही, मग जो आवाज आपण देवाच्या खालोखाल मानला त्यात तो का चालवून घ्यायचा?

खात्री करायची युक्तीही तिने योजून ठेवली होती. शेवटचं गाणं मंडळाच्या पसंतीचं, आणि ते भजनच असायचं. कुठलं, ते ऑर्फा आधी फोनवर कळवायची. या वेळी जिनीवाचा फोन आला तेव्हा तिने एक नेहमीचं नाव सांगितलं आणि मनात दुसरंच ठेवलं. ते भजन आर्व्हिलच्या वडिलांचं, चर्चमध्ये प्रवचन करणाऱ्या ब्रदर इनॉक स्लोन यांचं. ब्रदर इनॉक प्रवचन बोलत नसत, गात असत. वाक्य सुरात चढत जायचं, शेवटी हुंदका यावा तसा श्वास, आणि बाकांवरच्या बायकांच्या डोळ्यांना धार. त्यांच्या चर्चमध्ये वाद्य नाही. एक वडीलधारा पुरुष आधी ओळ सांगतो, भरभर, आणि मग सगळे ती ओळ लांबवून गातात. पुन्हा तो पुढची सांगतो. वडिलांनी मुलाला बजावलं होतं, "बाकी काय विकायचं ते विक, हे विकू नको." आर्व्हिलने ते भजन कधी रेकॉर्ड केलं नाही. ज्याची रेकॉर्डच नाही त्याची टेप कुठून लावणार?

जेवणं सुरू झाली. कोंबडीच्या रश्श्यात सोडलेले पिठाचे गोळे, उकडलेला घेवडा, केळ्याचं पुडिंग. आर्व्हिल बसमधून उतरला नाही. ऑर्फाने ताटली भरली, वर कागद झाकला आणि मैदानात निघाली.

बसचं दार अर्धवट उघडं होतं. आतून जिनीवाचा आवाज आला, कोरडा, दुकानात सामान मागावं तसा: "आईच्या अंगणातली विहीर." मग आर्व्हिल तीच ओळ गायला. मग काहीच नाही. पुन्हा जिनीवा: "पाणी तिचं आटलं नाही." पुन्हा तो.

ही बाई बापाला पोपटासारखं पढवतेय, तोंड कधी उघडायचं आणि कधी मिटायचं ते! ऑर्फाने दारावर टकटक केली.

जिनीवा दारात आडवी उभी राहिली. पन्नाशीची, शहरी कपड्यांतली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "बाबा आराम करतायत, कॉर्नेटबाई."

"गाताना ऐकलं मी आत्ता. जेवण आणलंय."

जिनीवाच्या खांद्यामागून आर्व्हिलचा चेहरा डोकावला. हॅट नव्हती, पांढरे केस पिसासारखे विरळ. तो हसला, अगदी पूर्वीसारखा. "वास फार छान येतोय. लांबून आलात का, बाई?"

ऑर्फाच्या हातचे गोळे हा माणूस वर्षानुवर्षं ओरपत आला होता. तिच्या नवऱ्याला मूठमाती देताना टेकडीवरच्या बोचऱ्या पावसात उघड्या डोक्याने उभा राहून गायला होता.

"लांबून नाही," ती म्हणाली. "डोंगरापलीकडून."

"आभारी आहे," म्हणत जिनीवाने ताटली घेतली आणि दार लावलं. आतून कडीही सरकली.

"मोठा माणूस झाला तो," हॉलमध्ये येऊन ऑर्फा व्हर्डीला म्हणाली. "बाई म्हणाला मला."

"ओळख विसरला?"

"नाही. ओळख ठेवायची गरज उरली नाही."

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा उंच खिडक्यांतून तिरपं ऊन स्टेजवर पडलं होतं. पांढरी हॅट, निळा कोट. आर्व्हिल चालत आला आणि सगळा हॉल उभा राहिला. डेट्रॉईटहून आलेला एक धिप्पाड माणूस लहान मुलासारखा ढसाढसा रडत टाळ्या वाजवत होता. आर्व्हिलने हात वर केला आणि व्हायोलिनने सुरुवात केली.

ऑर्फा डोळे बारीक करून त्याच्या ओठांकडे बघत होती. पहिली ओळ, मागे. दुसरी ओळ, मागे. आवाज मात्र त्याचाच, भाजलेल्या मक्यासारखा खरखरीत आणि गोड. हॉलमधला प्रत्येकजण त्याच्याबरोबर गात होता; एवढ्या गळ्यांत कुणाचा सूर कुठला ते परमेश्वरालाच ठाऊक. दर ओळीआधी त्याची मान डावीकडे किंचित झुकायची, आणि दर वेळी व्हर्डीचं कोपर ऑर्फाच्या बरगडीत बसायचं.

"दिसतंय ना?"

"दिसतंय. ढोसू नको."

शेवटच्या गाण्याची वेळ आली. बँडने ठरलेल्या भजनाचा सूर धरला, तोच ऑर्फा उभी राहिली.

"आर्व्हिल! मंडळाची पसंती बदललीये. ब्रदर इनॉकचं भजन म्हण. नदीपलीकडच्या घराचं."

बँड थांबला. खुर्च्या करकरल्या. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी समाधानाने माना हलवल्या. ते भजन त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं.

आर्व्हिल हसला आणि वाट बघू लागला. त्याने कानातल्या मण्यावर बोट ठेवलं. अजून वाट बघितली. हळूहळू हसू विरलं, आणि चेहरा भर बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखा झाला.

ऑर्फा उभी होती म्हणूनच तिला पडद्याची फट दिसली. तिथे ना मशीन होतं, ना बटण दाबणारा. एका स्टुलावर जिनीवा बसली होती, ओठांशी छोटासा माईक धरून. तोंड उघडं, आणि तोंडात शब्द नाही. ती ऑर्फाकडेच बघत होती, आणि त्या नजरेत चोराची भीती नव्हती; बुडणाऱ्याची होती.

टेपवर ओठ हलवणाऱ्याच्या कानात ओळी सांगाव्या लागत नाहीत.

बसमधलं ते पढवणं, मागे पडणारी ओळ, रिकामं टेबल, 'लांबून आलात का, बाई?', सगळं ऑर्फासमोर एकदम उलटं होऊन उभं राहिलं. हा गर्विष्ठ झाला नव्हता. याच्या आठवणीतून शब्द चालले होते, एकेक करून, आणि माणसंही. आणि आपण सगळ्या गावासमोर त्याला उघडं पाडलं होतं.

"बघ!" व्हर्डी कुजबुजली, पण तिची कुजबुज चार रांगा ऐकायच्या. "याची टेप नाही ना! बोल आता. सांग सगळ्यांना."

माना वळल्या. पुढे ब्रदर कोइल हाताची घडी घालून बसले होते, चर्चमधले वडीलधारे. ओळ सांगायची ती त्यांच्यासारख्यांनी. बाईने सांगितल्याचं या डोंगरात कुणी ऐकलं नव्हतं. त्यांना विनवायला वेळ नव्हता. ऑर्फाने डोळे मिटले आणि सांगितली, भरभर, उंच सुरात, ब्रदर इनॉक सांगायचे तशी:

"नदीपलीकडे घर माझे, दिवा कुणी तो लावियला..."

आर्व्हिलची मान आवाजाकडे वळली. त्याने छाती भरून घेतली आणि ओळ उचलली, शब्दाशब्दाला ताणत, वळवत. मागून अख्खा हॉल आला. वाद्य नाही, ठेका नाही. या गाण्यात कुणी मागे पडत नाही, कारण ओळ आधी सांगूनच गायची असते. त्याचा आवाज वर जाताना तडकला, आणि त्या तडकलेल्या जागी ऑर्फाला असं वाटलं की हा माणूस इतक्या जवळून ती आज प्रथमच ऐकतेय.

तिने दुसरी ओळ सांगितली. तिसरी सांगितली. ब्रदर कोइलनी घडी सोडली, पण अडवलं नाही. चौथीला आर्व्हिल तिच्यासाठी थांबलाच नाही. डोळे मिटून स्वतःच सुरू झाला, आणि दुसरीच ओळ पुन्हा गाऊ लागला. चुकीची.

हॉल त्याच्यामागून गेला. एकही माणूस अडखळला नाही. हे भजन पाळण्यात ऐकलेले म्हातारे, डेट्रॉईटचा तो धिप्पाड माणूस, ब्रदर कोइल, सगळ्यांनी तीच चुकलेली ओळ त्याच्याबरोबर शेवटपर्यंत नेली, जणू ती तिथेच असते. ऑर्फाने चेहऱ्यांवरून नजर फिरवली. यांतल्या कितीजणांना आधीपासून माहीत होतं? कुणाच्याच चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं.

टाळ्या चालू असतानाच जिनीवा स्टेजच्या पायरीशी आली. या वेळी तिने बापाला बसमध्ये नेलं नव्हतं. तो वर उभा राहून हॅट हलवत होता.

"मुद्दाम केलंत तुम्ही," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"हो."

"सूर सगळे आहेत त्यांच्याकडे. शब्द द्यावे लागतात. घरी बसवलं तर खिडकीशी रडत बसतात."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर लोक त्यांना बघायला आले असते. ऐकायला नाही."

ऑर्फा म्हणाली, "हे भजन तुला येत नाही."

"मी आईकडे नॅशव्हिलला वाढले. आजोबांच्या चर्चची पायरीसुद्धा चढले नाही कधी."

"अजून पुष्कळ आहेत तसली. मी सांगेन तुला. सगळी." ऑर्फाने वर बघितलं. "आणि माफ कर मला. त्याच्याकडे मागून उपयोग नाही, म्हणून तुझ्याकडे मागते."

जिनीवाने तिचा हात धरला, घट्ट.

तेवढ्यात व्हर्डी आली. तिची नजर त्या धरलेल्या हातांवरून ऑर्फाच्या ओल्या डोळ्यांवर गेली आणि तिथेच थांबली. जिनीवा बाजूला झाल्यावर तिने ऑर्फाला गाठलं.

"काय कुजबुज चालली होती? टेप होती की नव्हती?"

"नव्हती."

"मग कानात काय आहे त्याच्या? आणि तू ओळी कशाला सांगितल्यास? बाईमाणसाने? ब्रदर कोइल काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"ऑर्फा कॉर्नेट, तू काहीतरी लपवतेयस माझ्यापासून."

"हो," ऑर्फा म्हणाली, आणि पुढच्या ऑक्टोबरची तारीख सांगायला माईककडे गेली.