न ऐकलेला खिळा

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट पेंगत ऐकण्यासारखी नाही. एका नालबंदाची सांगतो, आणि त्याच्यासमोर पाय उचलून उभ्या राहिलेल्या एका घोड्याची.

घोड्याच्या खुराची बाहेरची कड आपल्या नखासारखी असते. तिच्यातून नालाचा खिळा गेला तरी दुखत नाही. पण जरा आत जिवंत मांस. खिळा कुठे चाललाय ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नालबंद ते ऐकतो. कडेतून जाणारा खिळा हातोडीखाली खणखणीत वाजतो. तोच आत वळला की आवाज बसतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. मग थांबायचं, खिळा उपटायचा आणि नव्यानं मारायचा. आमच्या नालबंदाचा कान याबाबतीत पक्का. आपल्या हातून कधी घोडा लंगडला नाही, हे तो चारचौघांत सांगायचा. जरा जास्तच वेळा सांगायचा.

त्या सकाळी त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आपला घोडा घेऊन आला. घोड्याला सगळे भिरभिऱ्या म्हणत. उभं राहणं म्हणून त्याला ठाऊकच नव्हतं. दुपारी मेहुण्याला आईला गाडीत बसवून डोंगराखालच्या शहरात न्यायचं होतं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. म्हातारीला उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नव्हतं. रस्ता दगडी आणि सगळा उताराचा, म्हणून पुढच्या पायांना नवे नाल हवे होते. घोडा बांधून मेहुणा गाडीच्या चाकांना वंगण घालायला घरी गेला.

भिरभिऱ्यानं नालबंदाचा जीव नकोसा केला. पाय मांडीवर घेतला की ओढून घ्यायचा. वाकलं की सदरा दातात धरायचा. खिळ्यांची डबी त्यानं दोनदा लवंडली. शेवटच्या खिळ्याला त्यानं असा हिसका दिला की हातोडी नालबंदाच्या अंगठ्यावर बसली. मग त्याचं डोकंच फिरलं. घोड्याच्या बरगडीत त्यानं कोपर मारलं आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, "उभा राहा मेल्या. तुझ्यापेक्षा खांब बरा. खाटकाकडे धाडतो तुला, थांब." आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच खिळा ठोकून मोकळा झाला.

भिरभिऱ्या उभा राहिला. कान मागे चिकटले, कातडी नुसती थरथरत राहिली, पण पाय हलला नाही. नालबंदाला वाटलं, जमलं. मेहुणा आला तेव्हा त्यानं ऐटीत सांगितलं, "बघ, लाडावून ठेवलायस. एकदा दम भरला की कसा शहाण्यासारखा उभा राहतो."

दुपारी बेकरीवाला आपली घोडी घेऊन आला. त्याच्या गप्पा चालू, इकडे नालबंदाची हातोडी चालू. मधेच एक खिळा बसका बोलला. सवयीनं हात थांबला, खिळा उपटला, दुसरा घेतला. आणि तो तसाच हातात राहिला.

भिरभिऱ्याचा शेवटचा खिळा कसा वाजला होता?

त्यानं आठवून पाहिलं. आधीचे सगळे आठवले. शेवटच्याच्या जागी मात्र आपलाच आवाज: खांब, खाटीक, मेल्या. खिळा त्यानं ऐकलाच नव्हता. मग घोडा जाताना कसा गेला ते आठवलं. उजवा पुढचा पाय त्यानं टेकवला होता तो फक्त टोकावर. शहाणपण कसलं, मुकं सोसणं होतं ते.

पकड आणि कानस पिशवीत टाकून त्यानं सायकल काढली. बेकरीवाला म्हणाला, अहो, एका पायात बूट घालून माझी घोडी वरातीला न्यायची का? त्यावरही तो थांबला नाही. देवाचं नाव घेत पॅडल मारत होता, पण डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. उतारावर मागून गाडीचा सगळा भार घोड्याच्या पुढच्या पायांवर येणार, दुखरा पाय दगडावर दुमडणार, आणि गाडीत सासूबाई, ज्यांना उडी कुठे मारायची तेही दिसणार नाही.

गाडी दिसली तेव्हा उतार सुरू झाला होता. भिरभिऱ्या मान खालीवर करत तीन पायांवर चालत होता. मेहुणा लगाम खेचून पुन्हा पुन्हा दरडावत होता. घोडा डोळे विस्फारून एकेक पाऊल टाकत होता, आणि गाडी मागून त्याला ढकलत होती. नालबंदानं सायकल रस्त्यातच टाकली. कडेचा धोंडा उचलून चाकाखाली सरकवला. गाडी करकरत त्याच्यावर चढली, डगमगली, आणि थांबली.

"काय झालं दाजी?" मेहुण्यानं विचारलं.

नालबंदाला क्षणभर वाटलं, रस्त्यातला खडा लागला म्हणावं. कोणाला कळणार होतं?

"खिळा आत गेलाय. माझ्या हातून. मी ओरडत होतो, ऐकलंच नाही."

मेहुण्यानं लगाम खाली ठेवला. आईला हात धरून खाली उतरवलं, तिला कडेच्या दगडावर बसवलं, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "आई होती गाडीत, दाजी." शिवी दिली असती तर बरं, असं नालबंदाला झालं.

त्यानं खूर मांडीवर घेतला. भिरभिऱ्यानं तो मुकाट दिला. पकडीनं खिळा ओढला, टोक लाल होतं, मागोमाग काळपट रक्त आलं. घोडा तरीही हलला नाही. डोक्यावरून हात फिरवायला नालबंदानं हात उचलला तर त्यानं मान झटक्यात बाजूला घेतली. हात तसाच हवेत राहिला.

परत निघताना गाडीच्या दांड्यांत दोघे दाजी-मेहुणे जुंपले गेले आणि घोडा मागून मोकळा चालला. चढ होता. सासूबाई आतून म्हणाल्या, "जावई, दम लागला तर सांगा हो, चाऱ्याला थांबू." हसू फक्त त्यांनाच आलं.

पुढे रोज सकाळी नालबंद मेहुण्याच्या गोठ्यात जायचा. कोमट मिठाच्या पाण्यात खूर बुडवून ठेवायचा, पुसायचा, फडकं बांधायचा. सूज उतरली, लंगडणंही गेलं. सासूबाई दुसऱ्याच्या गाडीतून जाऊन डोळे दाखवून आल्या. सगळं सुरळीत झालं म्हणा. पण नालबंदाची चाहूल लागली की भिरभिऱ्या खांब होऊन जायचा. मेहुण्याच्या बायकोचं बोट चाटणारा, पोरांच्या टोप्या उडवणारा घोडा. हा समोर आला की पापणीही हलवत नसे. नालबंदाला जेवण जाईना. बायको म्हणाली, अहो, बरा झालाय ना तो? तो म्हणाला, पाय बरा झालाय.

तो घोड्याशी हळू आवाजात बोलत राहिला. माफी मागायला घोड्याच्या भाषेत शब्द नव्हते, म्हणून हवापाण्याचं बोलायचा, गावच्या बातम्या सांगायचा. घोडा उभा तो उभाच.

मग एका सकाळी फडकं सोडायला तो वाकला, आणि भिरभिऱ्यानं पाय ओढून घेतला. नालबंद तसाच वाकून राहिला. घोड्यानं दुसरा पाय आपटला, शेपटी झाडली, बादली लाथेनं उलटी केली आणि त्याच्या पाठीवरचा सदरा दातात धरून खेचला. नालबंद ओल्या जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. सदरा फाटत होता, फाटू दिला.

ऐकलंत ना? आता घरी जाल, देवापुढे हात जोडाल. आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की त्या घोड्याचीही आठवण काढा. दुखत होतं तरी तो उभा राहिला, कारण त्याला उभा राहा म्हटलं होतं.